दोन वेगळे होकार

आमची पहिली भेट झाली तेव्हा आम्हा दोघांच्या हातात लघवीचे डबे होते.

प्रेमकथेची अशी सुरुवात मी तरी कुठे वाचलेली नाही. पण खोटं कशाला सांगू? हॉस्पिटलची लिफ्ट, सकाळचे आठ. माझ्या हातात फुलाफुलांची कापडी पिशवी आणि पिशवीत पाच लिटरचा पांढरा डबा. त्यात चोवीस तासांचं सगळं साठवलेलं. किडनी द्यायला निघालेल्या माणसाला ही तपासणी चुकत नाही. दार मिटता मिटता एक उंच माणूस घाईघाईनं आत शिरला. त्याच्या हातातही पिशवी, आणि पिशवीला आतून तसाच चौकोनी फुगवटा. मी छताकडे बघितलं. त्यानं स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली.

"झालं!" मी म्हणाले.

त्यानं मान तिरकी करून कानोसा घेतला. "दाराचा संपर्क सुटलाय. घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी लिफ्टच दुरुस्त करतो. ही आमच्याकडची नाही. आमची असती तर थांबली नसती."

"असं सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात. मी खरं म्हणतो." तो हसला. मग दाराच्या फटीत दोन्ही हात घालायचे म्हणून त्यानं पिशवी माझ्यापुढे केली, "हे जरा धरता का…" आणि मध्येच थांबला. कानाच्या पाळ्या लालबुंद. "नको, नको. खालीच ठेवतो मी."

"द्या हो," मी म्हणाले, "माझ्याकडेही तेच आहे."

आम्ही दोघं जे हसत सुटलो ते भिंतीला टेकावं लागेपर्यंत. हसू ओसरल्यावर त्यानं हळूच विचारलं, "कुणासाठी?"

"दादासाठी. तुम्ही?"

"आईसाठी."

त्यानं दार दाबून धरलं, काहीतरी 'कट्' वाजलं, आणि लिफ्ट वर निघाली. पण आता आम्ही छताकडेही बघत नव्हतो आणि बुटांकडेही.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. दुकानात सगळे मला चष्मेवालीच म्हणतात. दादा छापखान्यात मोठं मशीन चालवायचा. मी अकरा वर्षांची असताना आईबाबा गेले तेव्हा तो एकोणीसचा होता. माझ्या वेण्या घालायला तो शाईच्या बोटांनी शिकला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसाला पाणी वहिनी मोजून देणार ते एक लिटर. तहान लागली की तो बर्फाचा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटून बसायचा. मी किडनी देते म्हणाले तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "बारके, तुला कुणी भरीस घातलं?"

"तूच. मला वाढवून."

हाच प्रश्न हॉस्पिटलच्या समुपदेशक बाईंनीही विचारला, पण दार लावून, मला एकटीला. पांढरे केस, मऊ आवाज, आणि उत्तर मिळेपर्यंत न हलणारी नजर. "तुमच्यावर कुणाचा दबाव?"

"नाही."

"कुठल्याही क्षणी तुम्ही नाही म्हणू शकता. अगदी ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू, की वैद्यकीय कारणामुळे जमत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही."

"मला त्याची गरज पडायची नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीही लिहिलं नाही.

तपासण्या दर मंगळवारी असायच्या. त्याच्याही. आता हा योगायोग होता की तो मंगळवार मागून घ्यायचा, ते त्यानं अजून मला सांगितलेलं नाही. रक्ताच्या खिडकीसमोरच्या बाकावर आम्ही शेजारी बसायचो. त्याच्या नखांत काळं वंगण, माझ्या बोटांवर काचेची पांढरी भुकटी. तुम्हीचं तू कधी झालं ते कळलंही नाही.

"तू डोळे बारीक करून वाचतोस," एकदा मी म्हणाले. "पाटी दिसत नाही ना नीट?"

"दिसते की. 'रक्तपे…' काहीतरी."

"रक्तपेढी. दुकानात ये."

तो आला. चष्म्याची काच बसवायची तर दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं. त्यासाठी समोर बसायचं, चेहरा चेहऱ्याजवळ न्यायचा, नाकावर पट्टी धरायची आणि समोरच्याला सांगायचं, माझ्या डोळ्यांत बघ. हे मी दिवसातून वीसदा करते. त्या दिवशी पट्टी तीनदा सरकली.

"किती आलं?" त्यानं विचारलं. श्वास अडवून.

"चौसष्ट… थांब. हलू नकोस."

"मी नाही हलत. तुझा हात हलतोय."

"दुकानाची जमीन हलतेय. गप्प बस."

चष्मा तयार झाला तेव्हा त्यानं तो डोळ्यांवर चढवला, रस्त्यावर गेला आणि परत आला. "झाडांना एवढी पानं असतात?" म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. "आणि तू… अशी आहेस होय."

अशी म्हणजे कशी, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग निकाल आले. माझी किडनी दादाला चालणार नव्हती; रक्तगटच वेगळा. त्याचं तर त्याहून नवल. त्याचा गट कुणालाही चालणारा, पण आईचं रक्त त्याला नाकारत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की मूल पोटात असताना त्यातला बापाकडून आलेला अर्धा भाग आईच्या रक्ताला परका वाटतो, आणि कधी कधी रक्त ती ओळख वर्षानुवर्षं जपून ठेवतं. चौतीस वर्षांनंतरही त्या माउलीच्या अंगात आपल्याच लेकाविरुद्ध पहारा उभा होता.

"आईला सांगितलं तर म्हणते कशी," तो म्हणाला, "'पोटात असताना फार लाथा मारायचास. शरीरानं लक्षात ठेवलं असणार.'"

आम्ही हसलो खरे, पण त्या दिवशी बाकावर बसून तो हातातल्या कागदाची घडी घालत राहिला, उलगडत राहिला. मी माझा हात त्या कागदावर ठेवला. घडी थांबली.

तीन आठवड्यांनी समुपदेशक बाईंचा फोन आला. अदलाबदलीच्या यादीत आमची जोडी जुळली होती. माझी किडनी एका बाईंना चालत होती. त्या बाईंच्या मुलाची दादाला. समुपदेशक बाई पुढे म्हणाल्या, "आणि माझ्या कानावर असं आलंय, की त्या मुलाला तुम्ही ओळखता."

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. शहरात एवढी माणसं, त्यांत एवढी रक्तं, आणि माझ्या अंगात असं काहीतरी होतं जे नेमकं त्याच्या आईला हवं होतं. त्याच्या अंगातलं माझ्या दादाला. मी माझ्या तळहाताकडे बघितलं. रोजचाच हात. पण त्या दिवशी तो मला देवळात गेल्यासारखा, हळू, जपून हलवावासा वाटला.

बाईंनी पुन्हा दार लावून विचारलं, "समजा उद्या तुमचं दोघांचं बिनसलं. मग?"

"तसं काही… आमच्यात अजून काही नाही."

"'अजून' म्हणालात."

मी पिशवी उचलली.

बाहेर आले तर तो जिन्यात उभा होता. त्यालाही तोच प्रश्न विचारून झाला असणार, चेहऱ्यावरूनच कळत होतं. "मला तुला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "गेल्या मंगळवारीच विचारणार होतो. आता नाही विचारणार."

"का?"

"चौघांची ऑपरेशनं होईपर्यंत नाही. आत्ता विचारलं आणि तू हो म्हणालीस, तर ते हो मनापासून म्हणालीस की किडनीपायी, ते मला कळायचं नाही. तुलाही नाही."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर मी रडत रडत किडनी द्यायला जाईन. बरं दिसेल का ते?"

मला हसू आलं आणि रागही आला. न विचारलेला प्रश्न असा मध्ये ठेवून कुणी चहा पितं का? पण आम्ही प्यायलो. रोज. आणि तो प्रश्न आमच्यामध्ये इतका समजूतदारपणे बसून राहायचा की मला त्याचीच सवय झाली.

तारीख ठरली. चार ऑपरेशनं, एकाच सकाळी. आणि चार दिवस आधी त्याच्या आईच्या फुफ्फुसात संसर्ग झाला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने तरी हात लावता येणार नाही. त्याच आठवड्यात दादाच्या हातातली डायलिसिसची शीर बंद पडली. दुसऱ्या हाताची आधीच गेली होती. मानेत नळी घातली, ती नीट चालेना. डॉक्टर आता 'महिने' हा शब्द वापरत नव्हते. 'आठवडे' म्हणत होते, आणि तेही दुसरीकडे बघत.

हॉस्पिटलच्या नीतिसमितीनं आम्हाला बोलावलं. चाकाच्या खुर्चीत दादा, त्याच्यामागे मी. समोर सर्जन, समुपदेशक बाई आणि एक निवृत्त न्यायाधीश. आणि लिफ्टवाला. त्यानं अर्ज केला होता की मी आधी देतो.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "चारही ऑपरेशनं एकाच वेळी का करतात, ठाऊक आहे? एकानं दिली आणि दुसऱ्यानं मन बदललं, तर तुमच्या आईंचे हात रिकामे राहतात. तुमच्याकडे द्यायला दुसरी नाही."

"ठाऊक आहे."

"या बाईंकडून," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "आम्ही काही लिहून घेणार नाही. तुम्हीही घेऊ शकत नाही. त्या अगदी शेवटच्या सकाळीसुद्धा नाही म्हणू शकतात, आणि का, ते आम्ही तुम्हाला कधीही सांगणार नाही."

"हो. बरोबर आहे ते."

"मग कशाच्या भरवशावर देताय?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा पीं-पीं आवाज येत होता. "भरवसा असं नाही," तो शेवटी म्हणाला. "यांच्याकडे वेळ नाहीये. आईकडे थोडा आहे. मी थांबलो म्हणून आई लवकर बरी व्हायची नाही, पण हे मात्र जातील. आईला विचारून आलोय मी. ती पोहायला शिकवायची, तीस वर्षं. म्हणाली, समोर माणूस बुडत असताना शिट्टी शोधत बसायचं नसतं."

एकदाही त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. आता कळतं, मुद्दामच नाही बघितलं.

दादा खुर्चीत पुढे झुकला. ज्या माणसानं आयुष्यात कुणाकडून पेनसुद्धा उसनं घेतलं नव्हतं, त्यानं विचारलं, "घेऊ का रे मी?"

"घ्या की, दादा," तो म्हणाला.

समितीनं दोन दिवस घेतले आणि परवानगी दिली.

ऑपरेशनच्या दिवशी सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीची कडा घामानं भिजलेली होती. तीस वर्षं हेच काम करणारा माणूस, पण बोलताना त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. "रक्त सोडलं आणि बघता बघता गुलाबी झाली. मिनिटभरात काम सुरू."

काचेतून मी दादाला बघितलं. पलंगाखाली लटकवलेल्या पिशवीत लघवी थेंब थेंब पडत होती. सकाळी जे एका माणसाच्या अंगात गुपचूप चाललं होतं, ते दुपारी दुसऱ्या माणसाच्या अंगात चालू होतं, जणू मध्ये काही झालंच नाही. कुणी शिकवलं त्याला? परक्या घरात शिरून, नाव-गाव न विचारता, लगेच कामाला लागणं…

चौथ्या दिवशी नर्सनं दादापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "आज तीन लिटर प्यायचंय. टाळाटाळ चालणार नाही." दादानं पेला भरला, उजेडात धरून बघितला आणि एका दमात रिकामा केला. मग दुसरा. तिसऱ्याला हुंदका आला. "बारके," म्हणाला, "पाण्याला चव असते गं."

मी धावत लिफ्टवाल्याच्या खोलीत गेले. तो भिंतीला धरून पावलं टाकायला शिकत होता. "पाणी प्यायला!" मी म्हणाले. बाकी काही बोलताच येईना. त्यानं डोळे मिटले, मान हलवली. मग म्हणाला, "एक सांगू? आता मी तुला भेटणार नाही. तुझं होईपर्यंत. किंवा… नाही होईपर्यंत."

"म्हणजे काय?"

"मी समोर दिसलो की तुला वाटेल, आता द्यायलाच हवी. मला ते नकोय."

"तू स्वतःला समजतोस कोण रे?" मी चिडले. "मी कधी, काय, कशासाठी करायचं ते तू ठरवणार?"

"नाही. तू ठरवावंस म्हणूनच…" त्याला धाप लागली. मी त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि निघून आले.

त्यानं शब्द पाळला. एक आठवडा, दोन, चार. मंगळवारच्या बाकावर मी एकटी बसायचे.

आणि खरं सांगते, मला भीती वाटायला लागली. दादासाठी देताना धोक्यांचा कागद मी नुसता उलटून बघितला होता. आता ओळन् ओळ वाचत होते. हजारोंत एखादा दगावतो. पुढे मूल झालं तर जास्त जपावं लागतं. उरलेल्या एकीला काही झालं तर? दादा घरी आला होता, जिना चढत होता, वहिनीशी भाजीवरून भांडत होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि दार उघडं होतं. एक शब्द, 'वैद्यकीय कारण', आणि जगात कुणालाही कळलं नसतं. एका दुपारी मी समुपदेशक बाईंचा नंबर काढून, अंगठा त्यावर धरून, दहा मिनिटं बसले.

दादाला विचारलं तर त्यानं आधी पोटावर हात ठेवला. मग म्हणाला, "माझ्या पोटात त्याची बसलीय. मी काय बोलणार? दे म्हटलं तरी चूक, नको म्हटलं तरी चूक. बारके, एवढ्या वेळी मला मोठा भाऊ होता येत नाहीये."

त्यानंतर दोनच दिवसांनी दुकानात एक बाई आल्या. रुंद खांदे, खणखणीत आवाज, चेहरा मात्र राखेसारखा. "चष्मेवाली कोण? तू? मी त्या लिफ्टवाल्याची आई. जवळचं दिसत नाही मला. तपास."

मी त्यांना बसवलं. काचा बदलता बदलता त्या बोलत राहिल्या. "मुलाला सांगितलेलं नाही मी इथे आल्याचं. ऐक पोरी. तू ते दिलं नाहीस तरी माझा तुझ्यावर राग नाही. त्यानं दिलं ते त्याच्या मनानं दिलं. तू काही मागायला गेली नव्हतीस. तू तरुण आहेस, तुझं सगळं व्हायचंय. भीती वाटते ना?"

"…वाटते."

"वाटायलाच हवी. पाण्याची भीती न वाटणारी मुलं मी कधी खोल बाजूला सोडली नाहीत." मग त्यांनी पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ धडाधड वाचली आणि खूश झाल्या. "दिसलं की! चल, निघते. उद्या डायलिसिस आहे, कंटाळ्याचं काम."

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. चार तास त्यांच्या शेजारी बसले. त्यांचं रक्त नळीतून बाहेर यायचं, यंत्रात फिरायचं, परत जायचं. पहिला तास त्यांनी मला पाण्यावर तरंगायचं कसं ते शिकवलं, पलंगावर आडवं पडून, हातवारे करून. "मान सैल सोड. पाणी उचलतं. लोक ऐकतच नाहीत, धडपडतात." दुसऱ्या तासाला थंडी वाजून त्यांचे दात वाजायला लागले. तिसऱ्याला त्या झोपल्या. तोंड उघडं, हात माझ्या हातात. तो हात गार होता आणि झोपेतसुद्धा घट्ट होता. हजारो मुलांना पाण्यावर धरून ठेवलेला हात. आणि मला अगदी साधं काहीतरी कळलं. ही बाई मला आवडते. ही असावी. अजून पुष्कळ वर्षं असावी.

भीती गेली नाही. ती होतीच. पण ती आता एकटी नव्हती.

शेवटच्या भेटीत समुपदेशक बाईंनी दार लावलं. "कुणासाठी देताय?"

"त्यांच्यासाठी. आईंसाठी."

"भावाला मिळाली म्हणून नाही?"

"नाही."

"त्या मुलासाठी नाही?"

मी विचार केला. खरंच केला. "नाही. तो कुणी नसता तरी आता मी दिली असती."

बाईंनी वही उघडली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर पेन तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "बावीस वर्षं या खोलीत बसतेय," म्हणाल्या, "अजून सवय होत नाही याची."

ऑपरेशनच्या सकाळी सर्जननी टेबलाशी वाकून पुन्हा विचारलं. मी म्हणाले, हो. छतावरचे दिवे मोठे मोठे होत गेले. शुद्ध आली तेव्हा कुणीतरी माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणत होतं, "टेबलावरच सुरू झाली हो तुमची. टेबलावरच!"

माझी. तिकडे, चौथ्या खोलीत, आईंच्या पोटात. माझ्याशिवाय, मला न विचारता, मजेत काम करत असलेली. त्या दुखण्यातही माझ्या अंगावर काटा आला.

तिसऱ्या दिवशी तो आला. दारातच थबकला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, डोळे मात्र रात्रभर जागलेले.

"आई तीन लिटर प्यायली," म्हणाला. "आणि नर्सला पोहायला शिकवतेय."

"ये ना आत."

तो आला. खुर्ची ओढली. बसला, उठला, पुन्हा बसला. "मी एक विचारणार होतो तुला… तेव्हा… जिन्यात…"

"आठवतंय."

"तर… विचारू?"

आठ आठवड्यांचा राग माझ्या आत कुठेतरी अजून शिल्लक होता आणि त्याला थोडीशी मजा करायची होती. "नको," मी म्हणाले.

त्याचा चेहरा असा उतरला की मला लगेच वाईट वाटलं.

"मला तीन प्रकारची वेदनाशामकं चालू आहेत," मी म्हणाले. "औषधाच्या अमलाखाली घेतलेली संमती ग्राह्य धरत नाहीत. तूच नियमांचा माणूस ना?"

तो आधी काही समजलाच नाही. मग समजला. "किती दिवस चालणार औषध?"

"डॉक्टरांना विचार."

त्यानं खरंच जाऊन विचारलं! आणि मग रोज यायला लागला. आधी हॉस्पिटलात, मग घरी. दारात उभा राहून एकच प्रश्न: "आज गोळी?" मी म्हणायचे, "घेतली." तो म्हणायचा, "बरं," आणि दादाशी गप्पा मारत बसायचा. दादा त्याला छापखान्याच्या गमती सांगायचा, वहिनी चहा द्यायची, आणि मी आतल्या खोलीतून त्याचं हसू ऐकत पडायचे. दादा एकदा आत येऊन कुजबुजला, "बारके, अगं त्याचा जीव टांगणीला लावू नकोस. मला इथे पोटात जाणवतंय."

"तिथे नसतं रे प्रेम."

"तुला काय माहीत? तुझी तिकडे आहे."

अकराव्या दिवशी दुपारी मी त्याला फोन केला. तो कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत होता. मागे वारा घोंघावत होता.

"कालपासून एकही गोळी घेतलेली नाही," मी म्हणाले. "दुखतंय. पण डोकं स्वच्छ आहे."

पलीकडे नुसता वारा… मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज.

पंचवीस मिनिटांत तो दारात होता. वंगणाचे हात, धापा, कपाळावर काळा पट्टा. दादा आणि वहिनीनं एकमेकांकडे बघितलं, आणि घरात भाजी भरपूर असताना दोघंही भाजी आणायला बाहेर पडली.

तो माझ्यासमोर उभा राहिला. "तुझ्यावर कुणाचा दबाव?"

"नाही."

"आईमुळे? दादांमुळे?"

"नाही रे."

"कधीही नाही म्हणू शकतेस. अगदी शेवटच्या…"

"तू विचारणार आहेस, की मी समिती बोलावू?"

त्यानं मोठा श्वास घेतला. "मला तुझ्याबरोबर राहायचंय. जन्मभर. तुला चालेल?"

एवढंच. इतके महिने मनात घोळवून त्यातून एवढंच निघालं होतं, आणि तेही अडखळत. मी त्याच्याकडे बघत राहिले. या माणसानं कसलाही शब्द न मागता आपल्या अंगातलं काढून दिलं होतं, आणि नंतर मला मोकळं ठेवण्यासाठी स्वतःला माझ्यापासून दूर ठेवलं होतं. आणि आता तो माझ्या होकाराला घाबरत होता, की नकाराला, कोण जाणे.

"हो," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो म्हटलं ना!"

तो मटकन खाली, जमिनीवरच बसला. मला हसू फुटलं, आणि हसताना टाक्यांतून अशी कळ आली की मी ओरडले, "हसवू नकोस, दुखतंय!" त्यानं घाबरून माझा हात धरला. मग तोही हसायला लागला, आणि हसता हसता सवयीनं त्याचा दुसरा हात स्वतःच्या डाव्या कुशीवर गेला. माझाही माझ्या कुशीवर होता. आम्ही तसेच बसून राहिलो, एकमेकांकडे बघत, एक एक हात आपापल्या जखमेवर आणि उरलेले दोन एकमेकांत.